लज्जा आणि निदान

कांहीं प्रश्न असे असतात कीं, त्यांचें महत्त्व कोणी नाकारीत नाहीं, परंतु त्यांची चर्चा करण्यास योग्य स्थळ मात्र कोणासच सांपडत नाहीं. पुरुषाच्या जननेंद्रियाच्या ठिकाणीं वारंवार उठणारी खाज, जळजळ किंवा लाली हा असाच एक प्रश्न होय. वैद्यकाच्या पुस्तकांत त्यास चार ओळी मिळतात, भिंतींवरील जाहिरातींत चार हात लांबीचीं अक्षरें मिळतात, आणि या दोहोंच्या मधल्या प्रदेशांत, म्हणजे जेथें माणसें प्रत्यक्ष राहतात तेथें, शांतता असते. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकानें हा विषय हातीं कां घ्यावा, असें एखादा वाचक विचारील. आमचें उत्तर असें कीं, येथें जो पेंच आहे तो कातडीचा थोडा आणि नीतीचा फार आहे. आपल्या देहांत काय चाललें आहे हें जाणून घेणें मनुष्याचें कर्तव्य आहे काय, आणि लज्जा हें तें कर्तव्य टाळण्यास पुरेसें कारण होऊं शकतें काय, एवढाच प्रश्न आम्ही पुढें ठेवितों.

लज्जेची निंदा करणें हल्लीं सोपें झालें आहे. आम्हांस तो सोपा मार्ग पत्करावयाचा नाहीं. ज्यास कशाचीच लाज वाटत नाहीं अशा माणसाचा शेजार कोणास आवडेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु अंग झांकणें आणि दुखणें लपविणें या मराठींत दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि भाषेनें केलेला हा भेद व्यर्थ नाहीं. झांकणाऱ्यास आपण काय झांकलें आहे हें पुरतें ठाऊक असतें; योग्य वेळीं, योग्य माणसापुढें तो तें उघडूं शकतो. लपविणाऱ्याची गोष्ट निराळी. तो प्रथम घरच्यांपासून लपवितो, मग डॉक्टरांपासून अर्धें लपवितो, आणि असें करतां करतां एके दिवशीं स्वतःसही खरें सांगेनासा होतो. खाज रोज असते, पण कोणी विचारलेंच तर 'कधींतरी होते' असें उत्तर येतें, आणि उत्तर देणाऱ्यासच तें खरें वाटूं लागतें. लज्जेचा हा दुसरा प्रकार सद्गुणांत मोजावा कीं नाहीं, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

या बाबतींत भाषेनें आपणांस फारशी मदत केलेली नाहीं. 'गुप्तरोग' हा शब्द पाहा. ज्या रोगाची जागा झांकलेली आहे तो गुप्तरोग, असा त्याचा साधा अर्थ व्हावयास हवा होता. पण व्यवहारांत तो जागेचें नांव राहिला नाहीं, चारित्र्याचा दाखला झाला. गरमी, परमा हे जुने शब्द तर उच्चारतांच ऐकणारा मनांतल्या मनांत माडीच्या पायऱ्या मोजूं लागतो. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत 'फिरंगरोग' येतो. रोग फिरंग्यांबरोबर आला, तेव्हां नांवही त्यांचेंच. युरोपांत इटालियन लोक त्यास फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. रोगाचें नांव ठेवतांना तो कसा होतो यापेक्षां तो कोणाच्या माथीं मारावा याचाच विचार मनुष्यजातीनें अधिक केला, असें यावरून दिसतें.

आमच्या वऱ्हाडांत याला आणखी एक पुरवणी आहे, ती उष्णतेची. अमरावती-अकोल्याकडचा उन्हाळा ज्यानें पाहिला नाहीं त्यास तो सांगून कळणार नाहीं. २०२४ च्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हां जिल्हाधिकाऱ्यांनीं उन्हासाठीं कलम १४४ लावलें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. अशा मुलखांत लघवीस जळजळ झाली तर 'उन्हाळी लागली', जांघेंत लाली आली तर 'उष्णता झाली', असें म्हणून सब्जा किंवा ताक घेऊन मोकळें होणें स्वाभाविक आहे. कित्येकदां तें खरेंही असतें. घाम, घट्ट कपडा आणि दिवसभराचें काम यांनीं कातडी सोलवटते हें कोण नाकारील? पण गंमत अशी कीं, एकाच लक्षणासाठीं आमच्याजवळ दोनच कारणें तयार असतात: स्वतःस झालें तर उष्णता, शेजाऱ्यास झालें तर व्यभिचार. पहिल्यांत दोष कोणाचाच नाहीं, दुसऱ्यांत सगळा एकाचा. आणि दोन्हींत तपासणीची गरज उरत नाहीं, हा दोहोंचा मोठाच गुण!

येथें आमच्या जुन्या शास्त्रांची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. संस्कृतांत 'लिंग' या शब्दाचा मूळचा अर्थ खूण, चिन्ह असा आहे. धूर हें अग्नीचें लिंग. आयुर्वेदांतही रोगाच्या लक्षणास लिंग म्हणतात, आणि ज्याच्या खुणा झांकलेल्या आहेत अशा रोगास चरकसंहितेंत 'गूढलिंग' व्याधि असें नांव आहे. आतां नैयायिकांनीं खुणेवरून अनुमान केव्हां करावें याचे नियम मोठ्या काटेकोरपणें घालून दिले आहेत. धुरावरून अग्नीचें अनुमान चालतें, कारण अग्नीवांचून धूर असत नाहीं. पण अग्नीवरून धुराचें अनुमान चालत नाहीं. लोखंडाच्या तापलेल्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. असा जो हेतु एका साध्यास धरून राहत नाहीं, त्यास 'सव्यभिचार' म्हणतात आणि तो हेत्वाभासांत मोडतो. खाज हा अशाच प्रकारचा हेतु आहे. ती परस्त्रीगमनानें होते आणि तें नसतांनाही होते. किंबहुना तें नसतांना होण्याचेच प्रकार पुष्कळ आहेत. समाज रोग्याच्या ठिकाणीं व्यभिचार पाहतो; पण त्या क्षणीं खात्रीचा व्यभिचार असतो तो त्याच्या स्वतःच्या अनुमानांत.

हें केवळ शब्दचातुर्य नव्हे, हें दाखविण्यासाठीं वैद्यकास ठाऊक असलेलीं कांहीं कारणें सांगितलीं पाहिजेत. मधुमेह्याच्या लघवींत साखर येते, अग्रत्वचेखालीं ओल राहते, आणि त्या ओलींत यीस्ट जातीची बुरशी वाढते. त्वचेस बारीक चिरा पडतात, पांढरा थर जमतो. आपणांस मधुमेह आहे हें कित्येकांस प्रथम याच तक्रारीनें कळतें. पुन्हां डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन हीं मधुमेहावरील नवीं औषधें साखर लघवीवाटेंच बाहेर काढतात, त्यामुळें उपचार चालू असणाऱ्यांसही ही पीडा होऊं शकते. जांघेंतील गजकर्ण तर घरोघर आहे. सोरायसिस, लायकेन प्लॅनस हे अंगावर इतरत्र उठणारे रोग येथेंही उठतात. अति स्वच्छतेनें, म्हणजे दिवसांतून तीनदां साबण आणि वर जंतुनाशकाचें पाणी लावूनही, कातडी सोलून निघते. आणि जितकें झोंबतें तितकें अधिक धुवावें, असा क्रम चालतो. नागीण जातीचे फोड पुन्हां पुन्हां येतात. लायकेन स्क्लेरोसस नांवाच्या रोगांत त्वचा पांढरी व आकसलेली होते, आणि त्याकडे वर्षानुवर्षें दुर्लक्ष केल्यास क्वचित् कर्करोगाची भीति असते. न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा काढून तपासावा असें डॉक्टर म्हणतात तें याचसाठीं.

या सर्वांत आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो तो औषधांमुळें उठणारा ठराविक जागेचा चट्टा. एखाद्यास तापासाठीं, अंगदुखीसाठीं किंवा जुलाबासाठीं एखादी गोळी दिली जाते. तिच्याशीं त्याच्या शरीराचें वैर असतें. गोळी पोटांत गेल्यावर कांहीं तासांत, नेमका त्याच जागीं, पुष्कळदां शिश्नाग्रावरच, लाल चट्टा येतो, जळजळतो, फुटतो, मग काळा डाग ठेवून जातो. पुढच्या तापाला पुन्हां तीच गोळी आणि पुन्हां तोच चट्टा. येथें रोगाचें मूळ ना शय्येंत ना उन्हांत. तें औषधांच्या पिशवींत असतें. हें शोधून काढण्यास कोणतेंही मोठें यंत्र लागत नाहीं, 'त्याआधीं काय घेतलें होतें?' एवढा प्रश्न आणि त्याचें सरळ उत्तर लागतें. पण ज्या मनुष्यानें आपणास पापाचें फळ मिळालें असें एकदां ठरविलें, तो आपल्या गतायुष्यांतील पापांची यादी तपासीत बसतो, गोळ्यांची नाहीं.

निदानाच्या आड येणारी दुसरी गोष्ट म्हणजे आराम. आयुर्वेदानें निदानाचीं पांच साधनें मानलीं: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांपैकीं उपशय म्हणजे ज्या औषधानें, अन्नानें वा वागणुकीनें बरें वाटतें त्यावरून रोग ओळखणें. गूढलिंग व्याधि याच रीतीनें परीक्षावी, असा चरकाचा अभिप्राय आहे. विचार उत्तम आहे, पण त्यांत एक गृहीत आहे: आराम हा खोटें बोलत नाहीं. आमच्या काळीं आराम सर्रास खोटें बोलूं लागला आहे. औषधांच्या दुकानांत कांहीं रुपयांस अशी मलमाची नळी मिळते, जींत बुरशीचें औषध, जंतूंचें औषध आणि क्लोबेटॅसोलसारखें जहाल स्टेरॉईड एकत्र कालवलेलें असतें. स्टेरॉईड हें दाह दाबतें, बुरशीस मारीत नाहीं. उलट शरीराचा प्रतिकार मंदावून तिला रान मोकळें करून देतें. दोन दिवसांत खाज जाते. रोगी म्हणतो, औषध लागू पडलें. पंधरा दिवसांनीं खाज दुप्पट जागेवर येते आणि तो पुन्हां तीच नळी आणतो, कारण 'मागें तिनेंच बरें वाटलें होतें'. शरीराच्या या भागाची त्वचा अत्यंत पातळ; फेल्डमन व मैबाख या संशोधकांनीं १९६७ सालीं दाखविलें कीं, हायड्रोकॉर्टिसोन हें औषध हाताच्या पुढल्या भागाच्या मानानें वृषणाच्या कातडींतून सुमारे ४२ पट शोषलें जातें. म्हणजे जेथें हें मलम सर्वांत जपून लावावें तेथेंच तें सर्वांत चोरून, आणि म्हणून सर्वांत अधिक, लावलें जातें. २०१८ सालीं सरकारनें असलीं अनेक स्टेरॉईड मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत असें ठरविलें, आणि त्याच वर्षीं कित्येक मिश्र औषधांवर बंदी घातली. चिठ्ठी मागणारा दुकानदार मात्र आम्हांस विरळाच आढळतो. दरम्यान बुरशीही बदलली. नेहमींच्या औषधास न जुमानणारी तिची एक जात भारतांत बळावली, आणि शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं तिला जें नांव दिलें त्यांत आमच्या देशाचें नांव गुंफलेलें आहे: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. एके काळीं आम्ही फिरंग्यांच्या नांवानें रोग ओळखला. आतां जग आमच्या नांवानें ओळखतें.

स्वतःच स्वतःवर औषध करून या भागाची नासाडी करण्याचा प्रकार नवा नाहीं, हें सुश्रुतसंहिता वाचणारास ठाऊक आहे. इंद्रियवृद्धीच्या लोभानें लोक जे दाहक लेप लावीत, त्यांपासून होणाऱ्या अठरा व्याधि तिनें 'शूकदोष' म्हणून वेगळ्या सांगितल्या आहेत. जुन्या आचार्यांस असली गोष्ट लिहितांना संकोच वाटला नाहीं. लेखणी थबकते ती आमचीच.

आतां असा एक गृहस्थ कल्पूं या. वय चाळीस, नोकरी बरी, मुलें शाळेंत, राहणार अमरावतीचा. वर्षभर त्यास ही पीडा आहे. गांवांत त्वचारोगाचे डॉक्टर आहेत, जिल्हा रुग्णालय आहे, ज्यास सर्व लोक इर्विन म्हणतात. पण बाहेर रांगेंत कोणी ओळखीचा भेटेल. म्हणून तो बडनेऱ्यास गाडी धरून अकोल्यास जातो, तेथील मोठ्या सर्वोपचार रुग्णालयांत नव्हे, तर रुळांकडेच्या भिंतीवर ज्याचें नांव वाचलें त्या खोलींत. आणि अकोल्याचा तसाच एक गृहस्थ त्याच सकाळीं अमरावतीस निघालेला असतो. मूर्तिजापुरास दोघांच्या गाड्या एकमेकींस ओलांडतात. भिंतीवरील असल्या जाहिराती १९५४ च्या औषधें व जादूचे उपाय यांसंबंधींच्या कायद्यानें निषिद्ध आहेत. पण कायदा वाचणाऱ्यांपेक्षां भिंत वाचणारे अधिक. त्या खोलींत काय घडतें? कोणी तपासीत नाहीं, हें तिचें खरें आकर्षण. तेथें अंग उघडें करावें लागत नाहीं, फक्त पाकीट उघडावें लागतें.

या गृहस्थाच्या पक्षानें असें म्हणतां येईल कीं, देह त्याचा, पीडा त्याची, पैसा त्याचा. इतरांनीं त्यांत कां पडावें? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. मनुष्यास आपल्या रोगाविषयीं न जाणण्याचाही हक्क आहे, असें मानण्यासारखे प्रसंग आहेत. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यास असाध्य रोग झाला असेल आणि त्यास तपासणी नको असेल, तर त्याला टेबलावर ओढून नेण्यांत आम्हांस धर्म दिसत नाहीं. परंतु आमच्या गृहस्थाचा प्रसंग तसा नाहीं. त्याच्या घरीं पत्नी आहे. त्याची खाज दुसऱ्यास लागणारी असेल किंवा नसेल. नसेल, तर ती सांगावी कीं न सांगावी, हा सर्वस्वी त्याच्या मर्जीचा प्रश्न. असेल, तर तेथें मौन पाळणें म्हणजे दुसऱ्याच्या देहास अपाय करणें. या दोहोंपैकीं कोणतें खरें हें त्यास ठाऊक नाहीं, आणि त्या न ठाऊक असण्याच्या आड तो उभा आहे. 'मी तिच्याशीं खोटें बोललों नाहीं, कारण मलाच ठाऊक नाहीं,' असें तो मनाशीं म्हणतो. पण जें अज्ञान एका सकाळींत दूर होण्यासारखें आहे तें जपून ठेविलें, तर तें निमित्त कसें होईल? सांगण्याचें कर्तव्य आहे कीं नाहीं हें ज्यावर अवलंबून आहे तें जाणण्याचें कर्तव्य आधीं येतें, असें आमचें मत आहे. एच्.आय्.व्ही. संबंधींच्या २०१७ च्या कायद्यानें रोग्याची गुप्तता आणि जोडीदाराचा जीव यांची तडजोड मोठ्या सावधपणें केली आहे. पण कोणताही कायदा न झालेल्या तपासणीचा निकाल जोडीदारास कळवूं शकत नाहीं.

आणि रोग न लागणारा असला, तरी मौन निरपराधी असतेंच असें नाहीं. आमचा गृहस्थ हळूहळू ओसरींत निजूं लागतो; कारण विचारल्यास उकाड्याचें सांगतो. पत्नी आपल्या परीनें अनुमान करते. नैयायिकांचे नियम तिनें वाचलेले नसतात, आणि वाचले असते तरी अशा रात्रीं ते कोणास आठवतात? आपल्यांत कांहीं उणें झालें, किंवा त्याच्या मनांत दुसरी कोणी आली, या दोहोंपैकीं एक तिला पत्करावें लागतें. एका बुरशीच्या चट्ट्यापायीं संसारांत असा अबोला शिरतो, आणि ज्या गोष्टीचा तिला संशय येतो ती घडलेलीही नसते.

शिक्षणानें हें सर्व जाईल अशी आशा बाळगणारांशीं आम्हांस सहमत होतां येत नाहीं. आमच्या अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं महारोग्यांसाठीं तपोवन उभारलें, तेव्हां हॅन्सेननें त्या रोगाचा जंतु दाखविल्यास ७३ वर्षें झालीं होतीं. कारण कळलें होतें. लाज आपल्या जागीं होती. ज्ञान पुस्तकांत असतें आणि लाज दारांत उभी असते. दारांतून तर प्रत्येकास जावें लागतें.

दाराच्या आंतल्या बाजूस बसलेल्याचेंही कर्तव्य म्हणूनच सांगितलें पाहिजे. डॉक्टर विचारतात, 'बाहेर कोठें संबंध आला होता काय?' हा प्रश्न त्यांनीं विचारलाच पाहिजे; न विचारणारा डॉक्टर सभ्य असेल, पण तो निष्काळजी होय. मात्र कोठल्याही गर्दीच्या दवाखान्यांत, पडदा नसतां, पुढचा रोगी खांद्यावरून डोकावत असतां, मोठ्या आवाजांत विचारला गेला, तर त्याच प्रश्नाचा आरोप होतो. साक्षीदाराकडून सत्य मिळतें, आरोपीकडून बचाव मिळतो. रोग्यास साक्षीदाराच्या जागेवर बसविणें हें निदानाचें पहिलें साधन आहे आणि त्यास एका पडद्याहून अधिक खर्च येत नाहीं. त्वचेचा खरवडा घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें, रक्तांतील साखर पाहणें, जरूर तर उपदंशाची व एच्.आय्.व्ही.ची चाचणी, एवढें झालें म्हणजे बहुतेक अंधार निवळतो. आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत यांतील पुष्कळसें विनामूल्य होतें. पण त्या दवाखान्याची पाटी कोठें लावावी, याचाच संकोच कित्येक ठिकाणीं असतो, असें आम्ही पाहतों.

प्रश्न विचारणें हाच अपराध, असें ज्या समाजानें एकदां न्यायालयांतून म्हणवून घेतलें आहे त्याचे आपण वारस आहों, हेंही ध्यानांत ठेवणें बरें. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांस १९३१ च्या खटल्यांत १०० रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यांत वाचकांनीं विचारलेल्या लैंगिक शंकांस दिलेलीं उत्तरें अश्लील ठरलीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें होतें, तरी २०० रुपये दंड व्हावयाचा तो झालाच. कर्व्यांचीं सर्व मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. पण शंका विचारणारे ते वाचक कोण होते, असा विचार आमच्या मनांत नेहमीं येतो. ज्यांस घरांत, दवाखान्यांत, मित्रांत कोठेंही तोंड उघडतां आलें नाहीं, अशांनींच एका अनोळखी संपादकास पत्र लिहिण्याचें धाडस केलें असणार, आणि शिक्षा झाली ती पत्राचें उत्तर देणारास.

शेवटीं एका अगदीं क्षुद्र रोगाविषयीं लिहितों. तो म्हणजे खरूज. पुरुषांत ती पुष्कळदां याच जागीं टणक, खाजऱ्या गांठी उठवून ठाण मांडते, आणि रात्रीं अधिक छळते. ती शय्यासंगतीनें लागते तशी एका गोधडींत निजणाऱ्या लेकरापासूनही लागते, वसतिगृहांत लागते, पाहुण्यांच्या अंथरुणांतून लागते. चारित्र्याशीं तिचा संबंध जोडणें कठीणच. पण उपचार मात्र असा कीं, एकट्यानें गुपचूप करून भागत नाहीं. ज्या रात्रीं तो करावयाचा त्या रात्रीं घरांतील सर्वांनीं, खाजत असो वा नसो, मानेपासून पायांपर्यंत पर्मेथ्रिनचें मलम लावावयाचें. सकाळीं सर्वांचे कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यांत धुवावयाचे, आणि आठवड्याभरानें डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें पुन्हां एकदां हेंच. एकानें टाळलें तर महिन्याभरांत खाज परत घरभर फिरते. तेव्हां अकोल्याहून परतलेल्या आमच्या गृहस्थाच्या चिठ्ठींत हें नांव निघालें, तर त्यास पत्नीस, मुलांस आणि आईस एकत्र बसवून कारण सांगावेंच लागेल. आणि आई, आमच्या वऱ्हाडांतल्या कोणत्याही आईप्रमाणें, पहिला प्रश्न हाच विचारील कीं, वर्षभर हें बोलला कां नाहींस.